साडेसात महिने लिनक्स मिंटवर, आणि ९४ वर अडकलेलं घरचं नेट

काल दुपारी अडीच वाजता सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासोबत पन्नास मिनिटं व्हिडिओ कॉल चालला. महिन्याभराच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, एकेक करून ताडून पाहिल्या आणि कॉल एकदाही तुटला नाही. एप्रिलमध्ये याच वेळेला दर दहा-पंधरा मिनिटांनी समोरच्याचं चित्र अडकायचं, आवाज जायचा आणि मग फोन करून "पुन्हा जोडतो" म्हणावं लागायचं. हे दुखणं मिटलं की सगळं सविस्तर लिहायचं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. माझे दोन महिने आणि बरेच पैसे यात गेलेत, दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत.

मशीन जुनं आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबी रॅम, गिगाबिट लॅन, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंत चालणारी वायरीच्या नेटची सोय, बोर्डावरच. विंडोज ११ त्यावर बसत नाही, विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती, आणि चालतं मशीन भंगारात टाकणं मला पटत नाही. म्हणून २०२४ च्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मिंट कसं दिसतं, किती वेगात उघडतं यात इथे शिरत नाही. प्रिंटर पहिल्याच दिवशी लागला, लिब्रेऑफिसमध्ये जुने हिशेब उघडले, मराठी टायपिंग नीट चालतं. त्रास फक्त नेटचा झाला, म्हणून पुढचं सगळं नेटबद्दल.

आमचं घर भुसावळला. राऊटर खाली पुढच्या खोलीत आणि कॉम्प्युटर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. मध्ये जाड स्लॅब. डेस्कटॉपला वायफाय नसल्यामुळे सहाशे रुपयांचा यूएसबी डोंगल घेतला. विंडोजवर तो बरा चालत होता. मिंटवर लावला तर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसला, कारण त्याचा विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात भरलेला असतो. मग नेटवरून ड्रायव्हरचा कोड शोधून त्यावरून तो मशीनवरच तयार करून, म्हणजे बांधून, घ्यावा लागला. तेवढं केल्यावर चालू झाला, पण थांबत थांबत. राऊटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते पाहिलं, की एकदा ३ मिलिसेकंद, लगेच पुढे २८०.

यावरचा उपाय सापडला तेव्हा मला फार बरं वाटलं. नेटवर्क मॅनेजर म्हणजे मिंटमधला नेट सांभाळणारा प्रोग्रॅम; त्याच्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये वायफायची वीज वाचवणारी एक छोटी फाइल असते. तिच्यात पॉवरसेव्हपुढे ३ लिहिलेलं असतं, त्याचं २ करायचं आणि नेटवर्क मॅनेजर पुन्हा सुरू करायचा. लॅपटॉपला बॅटरी वाचवायची असते, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या डेस्कटॉपला ती बचत कशाला हवी? एवढ्या बदलाने पिंग ४ ते ८ मध्ये आला. डिसेंबर, जानेवारी छान गेले, आणि तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर मी त्या डोंगलची शिफारस केली असती.

आता करणार नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अपडेट मॅनेजरमधून कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.८ वरून ६.११ वर नेला आणि मशीन चालू केलं तर वायफाय गायब. बाहेरून आणून बांधलेला ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधलाच गेला नाही. मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना ६.८ निवडला की सगळं परत यायचं, त्यामुळे काम अडलं नाही. पण प्रत्येक अपडेटला छातीत धस्स होत असेल तर तो डोंगल कामाचा नाही. डेस्कटॉपसाठी घ्यायचाच असेल तर ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे असाच घ्या. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

मग वायर ओढायचं ठरवलं. नेट देणाऱ्या स्थानिक ऑपरेटरच्या माणसाने मजुरीसह सातशे रुपये घेऊन खालच्या राऊटरपासून बाहेरच्या भिंतीवरून, पत्र्याच्या कडेवरून वरच्या खोलीत केबल आणली. पावतीही दिली. राऊटरच्या मागे चार पोर्ट आहेत, त्यातला एकच गिगाबिटचा, तो मी मागून घेतला. वायर लागली आणि मार्चपर्यंत नेटचा विचारही मनात आला नाही. ड्रायव्हर नको, पासवर्ड नको, खोचली की चालू.

एकच गोष्ट खटकत होती. माझा प्लॅन १५० एमबीपीएसचा. खाली मोबाइलवर १४० च्या पुढे दाखवायचा आणि वर वायरीवर सकाळी ९४, संध्याकाळी ९४, रात्री बारा वाजताही ९४. नेट कमी-जास्त होत असतं, पण एकाच आकड्यावर इतकं ठाम बसत नाही. बायको म्हणाली, "चालतंय ना, मग सोडा." मला सोडवेना. पैसे १५० चे भरायचे आणि ९४ वर समाधान मानायचं, हे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला जमत नाही.

हा ९४ म्हणजे शंभरच्या लिंकची खूण आहे. लॅन कार्ड १०० एमबीपीएसवर जोडलं गेलं असेल तर तारेवरच्या प्रत्येक १५३८ बाइटमागे कामाचे १४४८ बाइटच मिळतात, बाकीचे पत्ता-ठिकाणा लिहिण्यात जातात. भागाकार केला की बरोबर ९४. म्हणजे अडथळा ऑपरेटरच्या लाईनीत नव्हता, माझं कार्ड आणि राऊटर यांच्यामध्ये होता. हे मला मार्चमध्ये कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एप्रिल लागला, ऊन चाळिशीच्या वर गेलं आणि नेट तुटायला लागलं. सकाळी काही नाही, बाराच्या पुढे सुरू. चार-पाच सेकंद जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात बँकेच्या साइटने बाहेर काढलेलं असायचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तर एका दुपारी एकच रिटर्न तीनदा भरायला घेतलं.

ऑपरेटरकडे तक्रार केली. मुलगा आला, खालच्या राऊटरला आपला विंडोजचा लॅपटॉप लावून १४८ दाखवले आणि म्हणाला, "काका, आमची लाईन ओके आहे. तुमच्या लिनक्समध्ये प्रॉब्लेम आहे, विंडोज टाकून घ्या." मी म्हटलं, वर येऊन माझ्या वायरीवर तुझा लॅपटॉप लाव. तो म्हणाला, आमचं काम राऊटरपर्यंत. वर येण्याचे अडीचशे रुपये लागतील. दिले. वर आला सकाळी दहा वाजता, तेव्हा अर्थातच काही तुटलं नाही. जाताना बावीसशे रुपयांचा नवा राऊटर सुचवून गेला. मी तो घ्यायच्या बेतात होतो, इतका वैतागलो होतो.

त्या रात्री शांत बसून ठरवलं की आधी दोष कुठे आहे ते बघायचं, मग पैसे. ही पद्धत सांगतो, कारण ती फुकट आहे. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, तीन खिडक्या उघडायच्या. पहिलीत राऊटरला पिंग, म्हणजे बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१. दुसरीत बाहेरच्या १.१.१.१ या इंटरनेटवरच्या सर्व्हरला. तिसरीत एखाद्या साइटला नावाने. मग नेट जायची वाट बघायची. नेट गेलं की तिसरी थांबवून पुन्हा सुरू करायची, कारण पिंग नाव सुरुवातीलाच शोधतो; फक्त तीच अडली तर डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं, दुखणं. दुसरी आणि तिसरी अडली आणि पहिली चालू राहिली तर ऑपरेटरला फोन करा आणि हक्काने भांडा. पहिलीच अडली तर दोष तुमच्या घरात आहे.

दुसऱ्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या तिन्ही खिडक्या एकदम थांबल्या. दोष घरातच होता.

मग चौथी खिडकी उघडली, डीमेसेजची. कर्नल मनातलं बोलतो ती जागा ही. सुडो लावून, डब्ल्यू जोडून (sudo dmesg -w) चालवायची, म्हणजे नवी ओळ आली की लगेच दिसते. वीस मिनिटांनी पहिली ओळ आली: लिंक इज डाउन. मग लिंक इज अप, हंड्रेड एमबीपीएस. आणि तिच्यासोबत ही:

"डाउनशिफ्ट ऑकर्ड फ्रॉम निगोशिएटेड स्पीड वन जीबीपीएस टू ॲक्च्युअल स्पीड हंड्रेड एमबीपीएस, चेक केबलिंग!"

बोलणी एक गिगाबिटची झाली होती, प्रत्यक्षात शंभरावर उतरावं लागलं, केबल तपासा. शेवटी उद्गारचिन्हसुद्धा. मी ती ओळ चार-पाच वेळा वाचली. दोन महिने मी डोंगल, कर्नल, राऊटर, प्लॅन सगळ्यांवर संशय घेत होतो आणि मशीन रोज लिहून ठेवत होतं की केबल तपासा. कोणी तरी कर्नलच्या कोडमध्ये माझ्यासारख्या माणसासाठी ही ओळ लिहून ठेवली आहे. या एका ओळीसाठी मी मिंट सोडणार नाही. विंडोजवर इतकी वर्षं काढली, तिथे मला फार तर "नेटवर्क केबल अनप्लग्ड" एवढंच दिसलं होतं.

असं का होतं, तेही बघितलं. लॅनच्या केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. शंभरच्या वेगाला दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. पण किती वेगाने बोलायचं ही बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरच होतात. त्या दोन शाबूत असल्यामुळे दोन्ही टोकं गिगाबिटला हो म्हणायची, मग निळ्या-तपकिरीतून काही येईना, की मुकाट शंभरावर उतरायची. ईथटूल नावाच्या प्रोग्रॅमने केबलची चाचणी घेता येते असं वाचून तीही करून पाहिली, पण माझ्या कार्डला ती सोय नाही.

दुपारचंच का, हा प्रश्न उरला होता. जर्नलसीटीएलमध्ये जुन्या नोंदी राहतात. १ एप्रिलपासूनच्या काढल्या आणि "लिंक इज डाउन" ग्रेप या शोधायच्या आज्ञेने वेगळं केलं. दोनशेच्या वर ओळी, बहुतेक सगळ्या दुपारी बारा ते साडेचार. त्याच सुमारास, मेच्या पहिल्या आठवड्यात, अवकाळीचं आभाळ आलं. ज्या दोन दिवशी ऊनच पडलं नाही, त्या दोन दिवशी एकही ओळ नव्हती. तेव्हा मात्र खात्री पटली. माझी वायर तापत होती.

आमच्या गल्लीतले अण्णा पूर्वी टेलिफोनच्या केबली जोडायचे. त्यांना राऊटरचं सांगितलं तर म्हणाले, "नवं मशीन कायले आनता भो? आधी ही वायर पाहू ना." पत्र्याच्या कडेवर वायर जिथे काटकोनात वळवली होती तिथलं वरचं आवरण पांढुरकं आणि कडक झालं होतं, नखाने दाबलं तर तडकायचं. अण्णांनी तिथेच कापली. तपकिरी तार आवरणाच्या आत तुटलेली निघाली, शेजारच्याही जेमतेम टेकत होत्या. मग त्यांनी ब्लेडने तारेवरून हलकेच खरवडलं. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरा धातू. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा उन्हात जास्त फुगतं आणि वाकवलं की लवकर मोडतं. आमच्याकडच्या तापलेल्या पत्र्यावर ही वायर टाकणं म्हणजे ती तुटेल त्या दिवसाची वाट बघणं. केबल घेताना दुकानात ब्लेड मागा आणि टोक खरवडून बघा. आतपर्यंत तांबडं असेल तरच पैसे द्या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

नवी पूर्ण तांब्याची केबल वीस मीटर, बावीस रुपये मीटरने ४४० रुपये. दोन टोकांचे प्लग २० रुपये. अण्णांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. या वेळी बाहेरून न नेता जिन्याच्या आतल्या कोपऱ्यातून वर आणली. प्लग खोचला आणि डीमेसेजमध्ये ओळ आली: लिंक इज अप, वन जीबीपीएस, फुल. वेग १४७. तो दिवस ११ मे. त्यानंतर लिंक तुटल्याची एकही नोंद नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन पुन्हा तापलं तेव्हाही नाही.

मिंटबद्दलची एक तक्रार मात्र कायम आहे. एवढी स्पष्ट ओळ कर्नल लिहितो, ती टर्मिनलमध्येच का राहते? खाली उजव्या कोपऱ्यात नेटचं चिन्ह आहे, ते लिंक शंभरावर आल्याचं काहीच सांगत नाही. "कनेक्टेड" म्हणून गप्प बसतं. तिथे एक छोटी सूचना दिली असती तर माझ्यासारख्या किती जणांचा त्रास वाचला असता. नवीन माणूस डीमेसेज उघडायला जाणार नाही, तो विंडोजकडे परत जाईल आणि दोष लिनक्सला देईल.

डोंगल ड्रॉवरमध्ये आहे. लाईनीबद्दल मी ऑपरेटरला दोष देत नाही, ती खरंच चांगली आहे. वायरीबद्दल देतो. फोन केला तर म्हणतात, केबलची गॅरंटी नसते. मग तांब्याची म्हणून पैसे कशाला घेतले, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. सातशेची पावती, जर्नलच्या दोन पानांची प्रिंट आणि तो तुटलेला तपकिरी तुकडा एका पाकिटात घालून ठेवलाय. सोमवारी त्यांच्या ऑफिसात घेऊन जाणार आहे.