बोळ कायमचा बंद, रात्रीचं गेट की उघडाच? सही करण्याआधी वाचा

बोळ बंद करण्यासाठी सोसायटीचं संमतिपत्र दारात आलंय आणि त्यात लिहिलंय की बोळात चोर शिरतात, दारुडे बसतात, दुचाक्या सुसाट जातात. ही कारणं खोटी नाहीत. पुण्याच्या पेठांत वाडे पाडून इमारती उठल्या आणि मधले बोळ दोन कंपाउंडांच्या भिंतींत सापडले. कुणाची खिडकी तिकडे उघडत नाही म्हटल्यावर अंधार आणि कचरा आलाच. तरीही आमच्या बोळासाठी मी हरकत दिली.

बोळ सार्वजनिक रस्ता असेल तर तो कायमचा बंद करणं सोसायटीच्या हातात नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949च्या कलम 203प्रमाणे त्यासाठी महापालिकेच्या मुख्य सभेची मंजुरी लागते. सभेच्या निदान महिनाभर आधी आयुक्तांच्या सहीची नोटीस त्या बोळातच लावावी लागते आणि सभेच्या दिवसाआधी आलेल्या लेखी हरकती विचारात घ्याव्या लागतात. (मुंबईला 1888चा वेगळा कायदा आहे.) शेजाऱ्यांच्या कितीही सह्या गोळा झाल्या तरी ही पायरी चुकत नाही. मला खरी भीती पुढची वाटते. रस्ता एकदा बंद झाला की ती जागा महापालिका इतर जमिनीसारखी देऊन टाकू शकते. तिथे बांधकाम झालं तर बोळ कायमचा गेला.

रात्रीचं गेट मधला मार्ग वाटतो, पण किल्ली कुणाकडे? वॉचमन जागेवर नसेल आणि मागच्या घरातून स्ट्रेचर काढायचं असेल तर? आमच्याकडच्या एक आजी पहाटे दुधाला जाताना डाव्या हाताने भिंत धरत चालतात. त्या उंचीवर भिंतीचा रंग घासून गुळगुळीत झालाय. गेटला कुलूप असेल तर त्यांना वळसा घालून भरधाव गाड्यांचा चौक ओलांडावा लागेल. शिवाय परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गेट लावणं हे अतिक्रमणच.

उघडा ठेवायचा तर नुसतं 'राहू द्या' म्हणून भागत नाही. दोन्ही तोंडांना आणि मध्ये दिवे हवेत, रोज झाडलोट हवी, तोंडाशी लोखंडी खांब हवेत. खांबांनी रिक्षा अडते, दुचाकी पूर्ण अडत नाही, कारण व्हीलचेअरपुरती फट ठेवावीच लागते. पण यातलं काही जमलं नाही तर उद्या बदलता येतं, म्हणून मी याच बाजूचा. बोळ आंधळा असेल आणि एकाच इमारतीच्या दाराशी संपत असेल, तर गेटला माझा विरोध नाही.

सही करण्याआधी सिटी सर्व्हेच्या नकाशात बोळ सार्वजनिक दाखवलाय की खासगी ते बघा. विकास आराखड्यात तो रस्ता म्हणून असेल तर तिथून वगळायला नगररचना कायद्याची वेगळी प्रक्रिया लागते. प्रस्ताव महापालिकेत गेलाय का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं. उत्तराची मुदत 30 दिवस. तिकडे नोटिशीचा महिना थांबत नसतो, तेव्हा उत्तराची वाट न बघता हरकत स्वतःच्या नावाने, लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.