पुण्यातली पर्यावरणशास्त्राची पदवी: फी भरण्याआधी काय बघाल

आधी एक घोळ मिटवू. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे प्रत्येक शाखेला जो पर्यावरणाचा सक्तीचा पेपर असतो, तो म्हणजे ही पदवी नव्हे. इथे रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा एकाच ताटात वाढलेला असतो. निम्मी मुलं ‘निसर्ग आवडतो’ म्हणून येतात आणि पहिल्याच सत्रात टायट्रेशनपाशी (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजण्यापाशी) अडखळतात.

कॉलेजची पारख प्रयोगशाळेत होते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुलांकडून कसा मोजून घेतात, ते विचारा. ३०० मिलीची बाटली काठोकाठ भरून, बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही ऑक्सिजन पकडून ठेवणारी रसायनं नमुना घेतला तिथेच, नदीकाठी घालायची. खडकवासल्याच्या पाण्यात तपकिरी साका बसतो. मुळा-मुठेच्या संगमाखाली साका पांढराच राहिला, तर ऑक्सिजन संपल्यात जमा. बुडबुडा राहिला की अशा पाण्याचा आकडा फुगतो. पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने टायट्रेशन. स्टार्च रंग फिकट पिवळा झाल्यावरच टाकायचा, नाहीतर शेवटचा बिंदू हुकतो. नमुना कॅनमधून आणून दुपारी लॅबमध्ये रसायनं घालणारी कॉलेजंही आहेत. तिथे जर्नल भरतं, हात बसत नाही.

बीओडीचंही, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्या मापाचंही, तेच. आपल्याकडे बाटल्या २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्समध्ये अजून २० अंशांवर ५ दिवसच चालू आहेत. शुक्रवारी लावलेल्या बाटल्या सोमवारी मोजायच्या, आणि रविवारी कुणी मेन स्विच बंद केला की इन्क्युबेटरसकट सगळी बॅच वाया. इन्व्हर्टर आहे का, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

फील्डवर्कला पुण्यासारखं शहर नाही. वेताळ टेकडीवर १० बाय १० मीटरचा चौकोन आखून झाडांचा घेर १.३७ मीटर उंचीवर मोजायचा. उतारावर टेप वरच्या बाजूने धरायचा, नाहीतर दोघांचे आकडे कधी जुळत नाहीत. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) एकसुरी लागवडीत चौकोन पडला तर शॅनन निर्देशांक, म्हणजे प्रजातींच्या विविधतेचा आकडा, खाली येणारच. त्यावरून अख्ख्या टेकडीबद्दल निष्कर्ष काढू नये. प्रकल्पासाठी दार ठोठवायला पाषाणची आयआयटीएम (हवामानावर संशोधन करणारी संस्था), आघारकर संशोधन संस्था, कोरेगाव पार्कातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहेच. मात्र पत्र विभागाकडून वेळेत निघायला हवं. ते कोण काढतं, हे सीनिअरना विचारा.

सगळ्यात कच्चा भाग कायदा. १९७४चा जल, १९८१चा वायू, १९८६चा पर्यावरण संरक्षण अशी सनावळी पाठ करून घेतात. त्यापेक्षा २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेखालचा एखादा खरा अहवाल परिवेश या सरकारी मंजुरी पोर्टलवरून उतरवून त्यातली आधाररेषेची, म्हणजे प्रकल्पाआधीच्या परिस्थितीची, माहिती कोणत्या ऋतूत गोळा केली, हे तपासायला लावणारा शिक्षक मिळाला तर फी वसूल. नकाशाकामासाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘सॉफ्टवेअरला बजेट नाही’ हे कारण ऐकून घेऊ नका.

नोकरी? सल्लागार कंपन्या, तपासणी प्रयोगशाळा, कारखान्यांचे पर्यावरण विभाग. सांडपाणी प्रकल्पाचं डिझाइन करायचं असेल तर ही पदवी नको, सरळ अभियांत्रिकीला जा. ही घेतलीच तर दुसऱ्या सत्रापर्यंत पाणी, हवा, जैवविविधता किंवा नकाशे यांतलं एक धरा; मुलाखतीत विचारतात ते त्यातलंच.