स्मॅश अल्टिमेटच्या बदनाम स्टेजेस: कोणती बंद करायची, कोणती वाचवता येते

'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' हा मारामारीचा व्हिडिओ गेम ७ डिसेंबर २०१८ रोजी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला तेव्हाच त्यात १०३ स्टेजेस, म्हणजे लढायची मैदानं, होत्या, आणि पुढे डीएलसीमुळे (नंतर विकत मिळणाऱ्या जोडभागांमुळे) त्यांत भरच पडली. या मालिकेचे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई आणि त्यांच्या चमूने १९९९ पासूनच्या सगळ्या भागांतल्या जुन्या स्टेजेस शक्य तितक्या परत आणल्या, त्यामुळे चांगल्यांबरोबर वाईटही आल्या. घरी चार-सहा जण जमणार असतील किंवा कॉलेजच्या फेस्टमध्ये छोटी स्पर्धा ठेवायची असेल, तर यातल्या कोणत्या चालू ठेवायच्या हे आधी ठरवून घ्या. सगळ्या चालू ठेवून रँडम लावलं की कधी ना कधी न्यू पोर्क सिटी निघतेच, आणि त्या संध्याकाळची रंगत उतरते.

माझी कसोटी एकच आहे. हार-जीत खेळाडूच्या हातात राहते की स्टेजच्या? या कसोटीवर दोष दोन प्रकारचे दिसतात. पहिला प्रकार धोक्यांचा: लेझर, स्फोट, अंगावर येणारे प्राणी, ज्यांना खेळाडू हॅझर्ड म्हणतात. दुसरा आकाराचा: स्टेज किती मोठी, कडा कशा, पाय ठेवायला जागा कुठे. अल्टिमेटमध्ये नियम ठरवताना हॅझर्ड बंद करायची सोय आहे. आकार मात्र तसा बंद करता येत नाही. म्हणून ज्या स्टेजच्या नावाने लोक सगळ्यात जास्त ओरडतात ती बरेचदा सहज सुधारता येते, आणि जिच्याबद्दल प्रेमाने बोलतात तिचं दुखणं जात नाही.

नव्याने खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. या मालिकेत संपत जाणारी लाइफबार नसते. मार खाल्ला की टक्के वाढतात, टक्के वाढले की प्रत्येक फटक्याला तुम्ही जास्त लांब उडता, आणि पडद्याबाहेरच्या अदृश्य सीमेपलीकडे गेलात की बाद. म्हणजे इथे स्टेजची कड, छत आणि सीमेचं अंतर हीच निम्मी लढाई आहे. इतर फायटिंग गेममध्ये मागचं चित्र बदललं तरी फारसं बिघडत नाही. इथे जमीन बदलली की खेळच बदलतो.

न्यू पोर्क सिटी की टेंपल

दोन्ही अवाढव्य. टेंपल २००१ च्या 'मेली' या मालिकेतल्या जुन्या भागातली, झेल्डा या खेळाच्या जगातली. न्यू पोर्क सिटी त्यानंतरच्या, २००८ च्या 'ब्रॉल' या भागातली, फक्त जपानमध्ये निघालेल्या 'मदर ३' या खेळावरून घेतलेली. दोन्हींवर आक्षेप एकच: माणसं एकमेकांना सापडत नाहीत. पण जरा खोलात गेलं की फरक कळतो.

टेंपलमध्ये रचना आहे. वर मोकळं आवार, एका बाजूला उंचवटा, आणि खाली ती प्रसिद्ध गुहा. गुहेत डोक्यावर दगडी छत आणि बाजूला भिंती असल्यामुळे फटका खाल्लेला खेळाडू आपटतो, पण बाहेर जात नाही. वेळेवर बटण दाबून सावरता आलं, तर टक्के दोनशेच्या पुढे गेले तरी माणूस जिवंत. कितीतरी जणांनी लहानपणी याच गुहेत तासन्‌तास घालवले आहेत आणि त्या आठवणीला मोल आहे. तरीही दोघांच्या गंभीर सामन्यात ही स्टेज मोडते. आवाराला गोल फिरता येतं, त्यामुळे एक फटका जास्त मारलेला वेगवान खेळाडू वेळ संपेपर्यंत पळत राहू शकतो. सॉनिक किंवा फॉक्स असेल तर त्याला गाठायचं कसं? आणि अल्टिमेटमध्ये आधी स्टेज ठरते, मग पात्र निवडायचं असतं. टेंपल दिसली की पळायला उत्तम पात्र घेणारा कुणीतरी असतोच.

न्यू पोर्क सिटीला असं एकही ठिकाण नाही जिथे लढाई आपसूक गोळा व्हावी. मजल्यांवर मजले, हलते प्लॅटफॉर्म, आणि चौघं चार कोपऱ्यांत गेले की कॅमेरा इतका मागे जातो की आपलं पात्र ठिपक्याएवढं होतं. मोठ्या टीव्हीवर हे कसंबसं चालेल. स्विच हातात धरून खेळत असाल तर मूळ स्विचचा पडदा ६.२ इंच आणि छोट्या स्विच लाइटचा ५.५ इंच, त्यावर आपण कुठे आहोत हे शोधण्यातच सामना संपतो. शिवाय अल्टिमेट किमेरा नावाचा प्राणी हिंडत असतो, त्याच्या तोंडी सापडलं की टक्के कितीही असोत, बाद. हॅझर्ड बंद केले की किमेरा जातो, पण पसारा तसाच राहतो.

तेव्हा या दोघींत टेंपल ठेवावी, तीही चार किंवा जास्त जण असतील तेव्हाच. न्यू पोर्क सिटी कोणत्याही बैठकीसाठी बंद करावी. या मालिकेतली सगळ्यात वाईट रचना माझ्या मते हीच. जिथे समोरचा दिसतच नाही, तिथे लढायचं कुणाशी?

याच गटात मालिकेच्या २०१४ च्या, वी यू कन्सोलवरच्या आवृत्तीतून आलेली 'ग्रेट केव्ह ऑफेन्सिव्ह' येते. कर्बीच्या खेळातली गुहा, तीही प्रचंड. तिच्यात ठिकठिकाणी धोक्याचे पट्टे आहेत. टक्के १०० च्या वर असताना त्यांना लागलात की त्याच क्षणी बाद. हे क्रूर वाटतं, पण मला न्यू पोर्क सिटीपेक्षा ही कल्पना बरी वाटते. पट्टे कुठे आहेत ते कायम दिसतं, नियम सगळ्यांना सारखा, आणि शंभरच्या वर गेलेल्या खेळाडूला तिकडे ढकलणं हे खरंखुरं कौशल्य आहे. आठ जणांच्या गोंधळात तर लांबत चाललेला सामना या पट्ट्यांमुळेच आटपतो. तेव्हा आठ जण, मोठा टीव्ही, हॅझर्ड चालू: अशा बैठकीला ही जरूर ठेवा. दोघांना मुळीच नको.

स्पिअर पिलर, वॉरिओवेअर आणि ७५ एम

या तिन्ही 'ब्रॉल'मधल्या, आणि तिन्हींच्या नावाने लोक जवळपास सारख्याच त्वेषाने बोलतात. पण त्यांना एका ओळीत उभं करणं अन्यायाचं आहे.

स्पिअर पिलरवर पोकेमॉनच्या डायमंड-पर्ल पिढीतले डायल्गा, पाल्किया आणि क्रेसेलिया येतात. लेझर सोडतात, सगळं मंद करतात, अख्खं चित्र उलटंपालटं करतात. चित्र उलटं झालं की डाव्या-उजव्याचा हिशेब चुकतो आणि बरोबर खेळणारा माणूस स्वतःच खाली पडतो. खेळाडूच्या हाताला लागलेली सवयच स्टेज काढून घेते, आणि हे मला लेझरपेक्षाही वाईट वाटतं. हॅझर्ड बंद केले की हे सगळं जातं. उरते वरची सपाट जमीन आणि खालची गुहा. ती गुहा थोडी अडचणीची आहे, छताखाली लपून खेळता येतं, म्हणून स्पर्धेला ती घेऊ नये. घरच्या चौघांना मात्र बेलाशक.

वॉरिओवेअरचं उलट आहे. तिच्यात मध्येच छोटे खेळ सुरू होतात: हलू नका, पावसापासून वाचा, टाँट करा (म्हणजे समोरच्याला चिडवा). जो जमवतो त्याला बक्षीस मिळतं, आणि कुणाला काय मिळेल ते नशिबावर. एकाला थोडे टक्के कमी होऊन मिळतात, दुसऱ्याला काही काळ अजिंक्य करणारा तारा. दोघांनी सारखीच हुशारी दाखवली तरी फळ वेगळं. रचनेचा दोष यापेक्षा उघडा काय असणार? पण हॅझर्ड बंद केले की मागे राहते ती चार प्लॅटफॉर्मची आटोपशीर, नेटकी स्टेज. अल्टिमेट नवा होता तेव्हा ती स्पर्धांच्या यादीतही दिसायची. आकाराने शहाणी आणि स्वभावाने उपद्रवी अशी ही स्टेज आहे, आणि तिचा स्वभाव एका बटणाने बदलतो. माझ्या यादीत ती हॅझर्ड बंद ठेवून कायम असते.

७५ एम मात्र अशी वाचत नाही. १९८१ च्या आर्केड 'डाँकी काँग'मधला लिफ्ट आणि उसळत्या स्प्रिंगांचा तो टप्पा जसाच्या तसा उचलून इथे ठेवला आहे. मूळ खेळात एकटा माणूस शिड्या चढत, उड्या वाचवत वर जायचा. त्यासाठी अरुंद फळ्या आणि मधली पोकळी अगदी योग्य होती. पण त्याच फळ्यांवर चौघांना मारामारी करायला लावलं तर मोकळेपणाने एक फटका मारण्याएवढी जमीन कुणालाच मिळत नाही. पाठलाग करावा तर शिडी आडवी येते, समोरचा उडाला तर वरच्या फळीला अडकतो. स्प्रिंगा, आगीचे गोळे आणि वरचा डाँकी काँग हॅझर्डबरोबर जातात, पण फळ्या तशाच राहतात. स्मरणरंजन म्हणून एकदा बघावी आणि बंद करावी. 'ब्रॉल'मधलीच हॅनेनबो याच जातीची: कोन बदलणारी झाडाची पानं हीच जमीन. दिसायला सुंदर, लढायला बिनकामाची.

एल्डिनचा पूल

ही स्टेज निरुपद्रवी दिसते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. झेल्डा मालिकेतल्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधला लांबच लांब सपाट पूल. अधूनमधून त्या खेळातला खलनायक किंग बल्ब्लिन आपल्या रानडुकरावर बसून धडधडत येतो, बॉम्ब टाकतो, पुलाचा मधला भाग तुटतो आणि थोड्या वेळाने परत जागेवर येतो. लोक तक्रार करतात ती याची. खरा दोष दोन्ही टोकांना आहे. तिथे कडाच नाही. पूल थेट पडद्याबाहेर जातो, म्हणजे चालत चालत सीमेपलीकडे जाता येतं. अशा स्टेजला वॉक-ऑफ म्हणतात.

यात काय बिघडतं? या मालिकेचा गाभा असा की बाहेर फेकलेला माणूस परत येण्यासाठी धडपडतो आणि समोरचा त्याला कडेवर अडवतो. वॉक-ऑफमध्ये हा भागच नाही. टोकाला पाठ करून उभं राहायचं, जवळ आलेल्याला पकडायचं आणि मागे फेकायचं. त्याचे टक्के शून्याजवळ असले तरी बाद. त्यामुळे दोघंही टोक सोडायला तयार होत नाहीत आणि सामना गोठतो. 'ब्रॉल'मध्ये तर किंग डीडीडी खाली आपटण्याची पकड पुन्हा पुन्हा लावत बऱ्याच पात्रांना सरळ टोकापर्यंत ओढत न्यायचा. त्यातून सुटकाच नसायची. हॅझर्ड बंद केलेत तर डुक्कर आणि बॉम्ब जातात, मूळ दुखणं तसंच राहतं. दोघांसाठी मी ही स्टेज स्पिअर पिलरच्याही खाली ठेवतो.

धावत्या स्टेजेसबद्दल फार लिहायला नको. 'मेली'मधली आयसिकल माउंटन आणि 'ब्रॉल'मधली रंबल फॉल्स या वर सरकणाऱ्या दोन्ही अल्टिमेटमध्ये आल्याच नाहीत, आणि ते बरं झालं. जुना कन्सोल असेल तर तिथे त्या बंद ठेवा. पडदा एकदम वेग घेतो आणि दोन चुकलेल्या उड्यांत सामना संपतो. बिग ब्लू मात्र आली आहे. एफ-झिरो या शर्यतीच्या खेळातल्या धावत्या गाड्यांवर लढायचं, रस्त्यावर पाय पडला की मागे फेकले जाता. दृश्य म्हणून झकास. चौघं मजेत असतील तर एखाद-दुसरा सामना चालतो.

आणखी एक वाट

स्टेज आवडते पण जमीन नको, असं असेल तर अल्टिमेटमध्ये बहुतेक स्टेजेसना दोन पर्यायी रूपं आहेत: बॅटलफील्ड, म्हणजे वर तीन प्लॅटफॉर्म, आणि ओमेगा, म्हणजे सपाट. मागचं दृश्य आणि संगीत त्याच स्टेजचं, जमीन मात्र नीट. न्यू पोर्क सिटीचा माहौल हवा असेल तर हा मार्ग आहे. दोन्हींत बॅटलफील्ड रूप घ्या. सपाट ओमेगा निष्पक्ष दिसतं, पण लांबून गोळ्या सोडणाऱ्या पात्रांना तिथे उघड फायदा मिळतो, कारण वरून जवळ यायला प्लॅटफॉर्मच नसतात.

आता निर्णय. दोघांत चुरशीने खेळायचं असेल तर हॅझर्ड बंद करून बॅटलफील्ड, स्मॉल बॅटलफील्ड, फायनल डेस्टिनेशन, स्मॅशव्हिल, पोकेमॉन स्टेडियम २ आणि टाउन अँड सिटी एवढ्याच ठेवा. चवीला वॉरिओवेअर घाला. चौघं असाल आणि एखादा नवखा असेल तर हॅझर्ड बंदच ठेवून स्पिअर पिलर आणि टेंपल यादीत जोडा. नवख्याला टेंपलच्या गुहेत उशिरा बाद होण्याची सवलत मिळते आणि त्याला शिकायला वेळ मिळतो. आठ जण असतील तर हॅझर्ड चालू करा, ग्रेट केव्ह ऑफेन्सिव्ह आणि बिग ब्लूही येऊ द्या. न्यू पोर्क सिटी, ७५ एम, हॅनेनबो आणि एल्डिनचा पूल तिन्ही याद्यांतून काढा. रँडममध्ये कोणत्या स्टेजेस याव्यात ते नियमांत निवडता येतं आणि नियमांचा तो संच नाव देऊन जपून ठेवता येतो, म्हणून पाहुणे येण्याच्या आधीच तीन संच करून ठेवा.