शिरेतून गुंगी घ्यावी की नाकावरचा गॅस?

माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या होत्या. उजवीकडची गेल्या डिसेंबरात गॅसवर काढली, डावीकडची ऑगस्टमध्ये शिरेतून गुंगी घेऊन. दोन्ही दवाखाने नाशिकच्या कॉलेज रोडच्या आसपासचे, माणूस तोच, भीतीही तीच. तेव्हा आता दाढ काढायची आहे आणि नुसत्या बधिरतेवर खुर्चीत बसवत नाही, अशा माणसाला माझा अनुभव उपयोगी पडावा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन्हींत हिरडीतलं बधिर करायचं इंजेक्शन चुकत नाही. दुखणं थांबवतं ते त्यातलं लिग्नोकेन. गॅस किंवा शिरेतलं औषध मनाची धडधड उतरवतं. आणि ही पूर्ण भूलही नव्हे, म्हणजे घशात नळी नाही. हाक मारली की आपण ओ देतो.

गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, ऑक्सिजनमध्ये मिसळलेला. हा वायू दंतवैद्यांच्याच खुर्चीत नावारूपाला आला. १८४४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं तो हुंगून स्वतःचा दात काढून घेतला होता. मला तो मनापासून आवडणार असंच वाटलं होतं. दोन-चार मिनिटांत हातापायांना गोड मुंग्या आल्या, खांदे सैल पडले, सुई हिरडीत गेली ती कळली पण तिचं काही वाटलं नाही. काम संपल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला आणि डोकं लख्ख झालं. अर्ध्या तासानं रिक्षा करून मी एकटा घरी आलो. उपास नाही, सोबत नाही, सुट्टी नाही. एवढ्यावर कोणीही गॅसच निवडेल.

पण मधली चाळीस मिनिटं सांगायची राहिली.

माझ्या नाकाचं हाड डावीकडे वाकलेलं आहे. एरवी त्याचा त्रास नसतो, पण नाशिकच्या डिसेंबरात सकाळी एक नाकपुडी हमखास बंद असते. गॅसचा मास्क फक्त नाकावर बसतो, कारण तोंडात डॉक्टरांचं काम चालू. म्हणजे श्वास सगळा नाकानंच घ्यायचा. इकडे दाढ कापताना ड्रिलचं थंड पाणी घशाच्या तोंडाशी साचतं, थुंकी ओढणारी नळी ते ओढेपर्यंत क्षणभर वेळ जातो. तेवढ्यात माझ्या नाकाचा दम संपायचा आणि नकळत तोंडानं श्वास घेतला जायचा. तोंडानं श्वास घेतला की गॅस कमी जातो, गुंगी उतरते, घशातलं पाणी जाणवतं आणि उमासे सुरू. असिस्टंट ताई दर दोन मिनिटांनी म्हणायच्या, "काका, नाकानं... नाकानं श्वास घ्या." त्यांचं बरोबरच होतं. पण ज्या गोष्टीचं भान सुटावं म्हणून गॅस घेतला, त्याच गोष्टीचं भान ठेवायला मला सतत सांगितलं जात होतं. दोनदा हात वर करून काम थांबवावं लागलं. दाढ निघाली, दुखलं अजिबात नाही, पण घरी आलो तेव्हा बनियन भिजलेलं होतं.

ऑगस्टमध्ये म्हणून शिरेतली गुंगी घेतली. मनगटाच्या वर सलाईनची सुई लावली, बोटाला ऑक्सिजन दाखवणारी क्लिप, दुसऱ्या दंडाला बीपीचा पट्टा. भूलतज्ज्ञांनी मिडाझोलम, म्हणजे गुंगीचं औषध, एकदम दिलं नाही. थोडं द्यायचे, दोन मिनिटं माझ्याकडे बघत थांबायचे, बोलायला लावायचे, मग पुन्हा थोडं. हे हळूहळू वाढवत नेणं मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. तोंडानं घ्यायच्या गुंगीच्या गोळीत ते जमत नाही. एकदा गिळली की कमी पडो वा जास्त, हातात काही उरत नाही.

त्यानंतरचं मला आठवतं ते इतकंच: छतावरच्या दिव्याभोवतीचं पांढरं कडं, आणि कोणीतरी हनुवटी खाली धरलेली. बायको सांगते, मी डॉक्टर सांगतील तसं तोंड उघडत होतो, मान वळवत होतो, एकदाही उमासा आला नाही. नाकानं श्वास घेतला की तोंडानं, याची मला फिकीर नव्हती. नाकात फक्त ऑक्सिजनची बारीक नळी होती. माझ्या लेखी निवड तिथेच झाली.

याची किंमत मोजावी लागते, तीही सांगतो. आधी सहा तास पोटात अन्न नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. त्यामुळे सकाळची वेळ मागून घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधीच विचारा. सोबतीला जबाबदार माणूस हवाच. चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही. बायकोनं रजा टाकली. भूलतज्ज्ञांची फी वेगळी, मला ती दाढेच्या फीच्या जवळपास पडली. आणि आठवण पुसली जाते, हे काहींना जड जातं. डॉक्टरांनी मला गॉज (जखमेवरची कापडाची घडी) किती वेळ चावून धरायचा, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, हे दोनदा सांगितलं म्हणे. माझ्याकडे त्यातला एक शब्द नाही. म्हणून सूचना सोबतच्या माणसाला आणि कागदावर, असा आग्रह धरा.

आणखी एका बाबतीत मात्र मी कोणाचंही ऐकणार नाही. औषध देणारा आणि दाढ काढणारा हे दोघं वेगळे असावेत. जो दाढेत डोकं घालून बसलाय, त्याचं लक्ष श्वासावर किती राहणार? ही गुंगी थोडी जरी खोल गेली तरी श्वास मंदावतो, तो ओळखणारा माणूस शेजारी पाहिजे. ऑक्सिजन आणि मिडाझोलमचा असर उलटवणारं फ्लुमॅझेनिल हाताशी आहे का, हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. एका ठिकाणी मला "त्याची गरजच पडत नाही" असं उत्तर मिळालं होतं, तिथून मी परत आलो.

जोरात घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी शिरेतल्या गुंगीबद्दल आधी नीट तपासणी करून घ्यावी. छातीत कफ असेल तर तारीख पुढे ढकला. गॅसचंही एक आहे. तो शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. निरोगी माणसाला एका वेळेनं काही होत नाही, पण आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

माझ्या बहिणीची दाढ आता काढायची आहे. ती पंचवटीत एकटी राहते, भाचा पुण्याला. नाक मोकळं, रोज प्राणायाम करते, तोंडात पाणी साचलं तरी तिला काही वाटत नाही. तिला मी गॅसच घे म्हणालो. फक्त आधी बी-१२ तपास, असं सांगितलं. रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळायचाय.