मॅग्नेट्रॉन गेला म्हणाला आणि ८,०८२ रुपये घेऊन गेला

आधी आकडा लिहितो. १०,०१२ रुपये. त्यातले ८,०८२ मायक्रोवेव्ह दुरुस्त करायला आलेल्या माणसानं नेले आणि १,९३० त्यानं करून ठेवलेलं निस्तरायला लागले. मूळ बिघाड होता ४८० रुपयांचा. रिक्षाभाडं, झेरॉक्स आणि बँकेपासून पोलीस ठाण्यापर्यंतचे हेलपाटे यात धरलेले नाहीत.

मी इंदूरला सुदामानगरात राहतो. एका कारखान्यात ३१ वर्षं हिशेब सांभाळले, दुसऱ्यांच्या पावत्यांतल्या चुका काढण्यात आयुष्य गेलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘शिकलेली माणसं अशी कशी फसतात’ म्हणणारे मला नातेवाइकांतच चार भेटले. त्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं. मला कुणी ओटीपी मागितला नाही. लिंक पाठवली नाही. कुठलं अॅप टाकायला लावलं नाही. ज्या गोष्टींपासून सावध राहा म्हणून रोज फोनवर कानीकपाळी ओरडतात, त्यातली एकही घडली नाही. माणूस दिवसाढवळ्या घरी आला, चहा पिऊन गेला.

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार. रविवारी आमच्याकडे महालक्ष्म्या यायच्या होत्या. शनिवारी पुण्याहून लेक, जावई आणि नातू. घरात सोळा भाज्यांची यादी, पुरणाची डाळ, फराळाचे डबे. आणि मायक्रोवेव्ह आठवडाभर रुसलेला. दिवा लागायचा, ताटली फिरायची, वेळ उलटी मोजली जायची, शेवटी शिट्टीसुद्धा व्हायची. दूध मात्र थंडच. हिला एक गोष्ट लक्षात आली होती : दार तळहातानं दाबून धरलं की दूध तापतं. हात काढला की आतला आवाज बदलतो आणि तापणं बंद. आठवडाभर ती एका हातानं दार दाबून उभी राहात होती.

मी नेटवर कंपनीचं नाव टाकलं, पुढे ‘कस्टमर केअर इंदौर’ टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. तो कसा वर येतो, त्यामागे कोण असतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण खरा नंबर ओव्हनच्या मागच्या स्टिकरवर होता, आणि पत्र्याच्या कपाटात वॉरंटी कार्डावरही. कार्ड मी स्वतः जपून ठेवलंय, बिलाला टाचणी लावून. मी खुर्चीतून उठलो नाही, एवढाच माझा गुन्हा.

पाऊण तासात माणूस हजर. टी-शर्टावर कंपनीचं चिन्ह, गळ्यात कार्ड, पाठीवर बॅग. बोलणं गोड. मला अंकल, हिला आंटी. ओव्हन ओट्यावर आडवा फिरवला, मागचं कव्हर काढलं आणि म्हणाला, ‘अंकल, दूर हो जाइए, अंदर चार हज़ार वोल्ट रहता है.’

हे खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आहे. मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉनला, म्हणजे तापवणाऱ्या भागाला, जाणारा विजेचा दाब खरोखर चार हजार व्होल्टच्या आसपास असतो, आणि वीज साठवणारा आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. माणूस जागीच जाऊ शकतो. त्यामुळे कव्हर घरी कधीही, कुणीही उघडायचं नाही. व्हिडिओ पाहून तर मुळीच नाही. पण त्यानं त्या खऱ्या धोक्याचा पडदा केला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा, ओव्हनची पाठ त्याच्याकडे, आणि आत काय चाललंय ते जवळजवळ सगळं फक्त त्यालाच दिसत होतं.

तेवढ्यात ही म्हणाली, ‘अहो, त्याला सांगा ना, दार दाबलं की चालतो म्हणून.’

मी म्हणालो, ‘त्याला कळतं गं त्याचं काम. तू जरा थांब.’

परक्या माणसासमोर म्हणालो. आणि त्यानं लगेच मान हलवली, ‘आंटी, वो तो कॉइन्सिडेंस है.’ मला कुणी विचारलं की नक्की कुठल्या क्षणी लक्षात यायला हवं होतं, तर हा तो क्षण. दार दाबल्यावर तापतं याचा अर्थ तापवणारा भाग शाबूत आहे, त्याच्यापर्यंत वीज पोचवणारं काहीतरी दाराशी सैल आहे. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. हिनं आठवडाभर दूध तापवून सिद्ध केलं होतं आणि मी तिला गप्प केलं. आठ हजार एक वेळ पचतील, हे पचत नाही.

मग त्यानं मीटर काढला. त्याच्या दोन काड्या आत वरच्या कडेशी टेकवल्या, मीटर ‘टीं’ करून वाजला. ‘सुना? मैग्नेट्रॉन शॉर्ट. पूरा गया.’ पुन्हा टेकवल्या, पुन्हा टीं. मला ऐकू यावं म्हणून मीटर माझ्या दिशेला धरला.

आता मला कळलंय ते लिहितो, नीट वाचा. मॅग्नेट्रॉनच्या आत दिव्याच्या तारेसारखी एक तार असते. तिच्या दोन टोकांमधला अडथळा एका ओहमपेक्षाही कमी असतो, म्हणून त्या दोन टोकांवर मीटर वाजायलाच हवा. नाही वाजला तर तार तुटली समजायचं. टोक आणि बाहेरची धातूची बॉडी यांच्यात वाजला, तर तो शॉर्ट. या माणसानं दोन्ही काड्या टोकांवरच लावल्या होत्या. त्या टोकांचा जोड ओव्हनच्या वरच्या कडेशी होता, तेवढं उंबऱ्यावरूनही दिसत होतं. म्हणजे जो आवाज ऐकवून त्यानं माझे पैसे काढले, तो आवाज आमचा मॅग्नेट्रॉन धडधाकट असल्याचा होता. आणि हे त्याला माहीत होतं.

‘पार्ट आणतो’ म्हणून ३,००० आधी घेतले. आमचा मॅग्नेट्रॉन काढून पिशवीत घातला, ‘वर्कशॉपमध्ये दाखवायला लागतो’. तासाभरानं परतला, कोऱ्या खोक्यात दुसरा घेऊन. बसवला, पेलाभर पाणी ठेवून दोन मिनिटं चालवलं, वाफ दाखवली. दाराला त्यानं आतून काहीतरी पाचर मारली होती, ते नंतर कळलं. पावती दिली :

मॅग्नेट्रॉन ३,४००. कपॅसिटर आणि डायोड १,१५०. पीसीबी (बटणांमागची सर्किटची पट्टी) दुरुस्ती १,८००. व्हिजिट ४९९. एकूण ६,८४९. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,२३२.८२. देय ८,०८२.

बेरीज मी तोंडी तपासली, बरोबर होती. आणि जीएसटी क्रमांकाकडे पाहिलं नाही. मध्यप्रदेशचा क्रमांक २३ नं सुरू होतो. या पावतीवर ०९ होता, म्हणजे उत्तरप्रदेश. शिवाय आकडे-अक्षरं १४, पाहिजेत १५. ३१ वर्षं मी हेच बघत आलो. त्या दिवशी ओट्यावर अर्धी चिरलेली भाजी होती, बाहेर मखराचे लाकडी खांब आलेले होते, आणि मला तो माणूस घरातून लवकर जायला हवा होता. उरलेले ५,०८२ पाठवले. पहिले ३,००० एका नावावर गेले होते, हे दुसऱ्याच नावावर. दोन्ही नावं त्याच्या गळ्यातल्या कार्डावरची नव्हती. कंपनीचा माणूस खासगी नावावर पैसे घेत असेल तर तिथेच थांबा, त्याला चहासुद्धा देऊ नका.

सण पार पडला. बाराव्या दिवशी, ९ सप्टेंबरला, ओव्हन पुन्हा थंड. पावतीवर ‘९० दिवस वॉरंटी’ लिहिलेली. नंबर बंद. दुसरा नंबर बंद. नेटवर तेच नाव, तिसऱ्याच नंबरासह.

तेव्हा कुठे कपाट उघडलं. ओव्हन २०२० च्या दिवाळीत घेतला होता, ११,४९० रुपयांना. कार्डावर स्पष्ट छापलंय : पूर्ण यंत्र १ वर्ष, मॅग्नेट्रॉन ५ वर्षं. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये मॅग्नेट्रॉन खरोखर गेला असता, तरी कंपनीनं तो भाग फुकट द्यायचा होता. कंपनीच्या खऱ्या नंबरावर फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, तो आमचा माणूस नाही, आणि बाहेरच्यानं यंत्र उघडल्यामुळे तुमची उरलेली वॉरंटीही संपली. मी विचारलं, तुमच्या नावाचे टी-शर्ट घालून लोक गावभर हिंडतायत, त्याचं काय? ती म्हणाली, ‘सर, आपकी कंप्लेंट नोट कर ली है.’ कंप्लेंट नंबर मागितला तर अशा तक्रारीला नंबर मिळत नाही.

बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात ना? मग व्यवहार तुमच्या संमतीचा. पुढचा माणूस.

ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले, हे सायबरचं काम. सायबरवाल्यांनी विचारलं, माणूस घरी आला होता का? आला होता तर हे सायबर कसं, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. आता म्हणे ही ग्राहकाची तक्रार, मंचाकडे जा. एक हवालदार तर माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून म्हणाला, ‘बाबूजी, आठ हज़ार के लिए कितने चक्कर लगाओगे?’ आठ हजार त्याला कमी वाटले असतील. माझ्या पेन्शनीत ते कमी नाहीत. आणि रक्कम कमी म्हणून फसवणूक लहान होत नाही. पूर्वीचं ४२०, आताच्या न्यायसंहितेचं कलम ३१८. त्यात ‘आठ हजारांच्या आतलं सोडून द्यावं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर शिक्का आत कपाटात. तीन फेऱ्यांनंतर मिळाला. शिक्क्याशिवाय अर्ज देऊन परतू नका, तो दिलाच नाही असं धरलं जातं.

ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर विचारतात : समोरच्याचं नाव आणि पत्ता. तो माझ्याकडे असता तर मी फॉर्म कशाला भरला असता!

यात माझीही एक चूक होती, ती लपवत नाही. १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लगेच करायचा असतो, पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत. मग ते अडवता येतात. मी बाराव्या दिवशी केला. पण मला बाराव्या दिवसापर्यंत आपण फसलोय हेच माहीत नव्हतं, ओव्हन चालत होता. या प्रकारातली लबाडी नेमकी तीच आहे.

शेवटी महाराणी रोडच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री मिळाले. ओव्हन रिक्षात मांडीवर धरून नेला. त्यांनी कव्हर उघडायच्या आधी दार तीनदा उघडलं-मिटलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘स्विच.’ दाराच्या खटक्यामागे बोटाच्या पेराएवढे तीन मायक्रोस्विच असतात. दार नीट बंद झाल्याशिवाय वीज पुढे जाऊ नये म्हणून. त्यातल्या एकाचा संपर्क जळून काळा पडला होता. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. ८० रुपये. कपॅसिटर, डायोड, पीसीबी, सगळं मूळचंच, कुणी हात लावलेला नाही. मॅग्नेट्रॉन मात्र दुसऱ्याच कंपनीचा, बाहेरच्या पत्र्यावर गंज, टोकाची टोपी जळून वितळलेली. कुठल्यातरी भंगारातल्या ओव्हनमधला. आमचा चांगला त्यानं पिशवीतून नेला होता. चांगला मॅग्नेट्रॉन १,४५०, मजुरी ४००, स्विच ८०.

मिस्त्रींच्या समोर तासभर बसलो, तेव्हा कळलं की निम्म्या तक्रारींना मिस्त्रीसुद्धा लागत नाही. आत ठिणग्या उडतात? आधी आतल्या बाजूची अभ्रकाची पातळ पट्टी बघा, तिच्यावर तेल-तूप उडून जळलेलं असतं. ओल्या फडक्यानं पुसा, भोक पडलं असेल तर पट्टीच बदलायची, मिस्त्रीकडून. सोनेरी काठाची बशी आत गेली असेल तरीही ठिणग्या. ताटली फिरत नाही तर खालचं चाकांचं कडं खाचेत बसलंय का बघा. बटणं चालत नाहीत तर बहुतेक वेळा चाइल्ड लॉक लागलेलं असतं. संध्याकाळी कमी तापतं आणि सकाळी ठीक, तर ओव्हनकडे नाही, घरातल्या व्होल्टेजकडे बघा. आणि माणूस येण्याआधी पेलाभर पाणी ठेवून, दार दाबून आणि न दाबता, स्वतः तपासून ठेवा. कुणी काहीही टीं-टीं ऐकवो, काढलेला जुना भाग घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. माझा गेला, म्हणून माझ्याकडे पुरावा नाही. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो, पैसे द्यायच्या आधी तपासा. मी नंतर तपासला. असा क्रमांकच नाही.

आता एक विनंती. सुदामानगर, अन्नपूर्णा, रामबाग, लोकमान्यनगर, कुठेही राहात असाल आणि तुमच्याकडे ०९ नं सुरू होणारा, १४ आकड्या-अक्षरांचा क्रमांक असलेली, निळ्या कार्बनची, मायक्रोवेव्ह किंवा वॉशिंग मशीन दुरुस्तीची पावती असेल, तर ती फेकू नका. मला कळवा. लाज वाटत असेल तर नाव सांगू नका, पावतीचा फोटो द्या, बाकी मी लिहीन. एकट्याच्या ८,०८२ साठी पोलिसांकडे वेळ नाही म्हणतात. पुढच्या सोमवारी मी पुन्हा ठाण्यात जातोय. तोपर्यंत पाच पावत्या जमल्या, तर पाचांची बेरीज घेऊन जाईन. आणि या वेळी हीसुद्धा सोबत येणार आहे, दाराची गोष्ट तिच्याच तोंडून लिहून घ्यायला.