जांभ्याच्या चढावर जिम्नी की थार?

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे डांबरी सोडली की जांभा दगड सुरू होतो. कोरडा असेल तर टायर छान धरतो. पावसात शेवाळ चढलं की गाडी कुठे घसरेल नेम नाही. अशा वाटेसाठी बेळगावचे मित्र विचारतात, मारुतीची जिम्नी घेऊ की महिंद्राची तीन दारांची थार? दोन्ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या.

माझं मत जिम्नीकडे झुकतं. वजन साधारण 1200 किलो, रुंदी 1645 मिमी. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढताना थारची 1820 मिमी रुंदी चांगलीच जाणवते. जिम्नीला पुढेही सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे, त्यामुळे एक चाक दगडावर चढलं की जोडीचं खाली दाबलं जातं. चाक हवेत गरगरू लागलं तर गाडी त्याच चाकाला ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्याकडे जातो. अशा वेळी घाबरून पाय काढू नका, अ‍ॅक्सिलरेटर हलकाच धरून ठेवा.

थारचं बळ डिझेलमध्ये. 2.2 लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 300 न्यूटन-मीटर. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरला ती शांतपणे चढते. जिम्नीच्या 134 ला रेस द्यावी लागते. व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) थारचा आखूड, 2450 विरुद्ध 2590 मिमी. उंच पायरीवर जिम्नीचं पोट घासतं ते यामुळेच. ओढे ओलांडायचे असतील तर मी थारच सांगेन.

दोन्हींत टायरची हवा थोडी कमी करा, कॉम्प्रेसर सोबत ठेवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय कुठलीच गाडी घालू नका.