१००० की १०२४? डेटा मोजताना कोणता हिशेब धरावा

१ टीबीची नवी हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की क्षमता साधारण ९३१ जीबी दिसते. यात कुणी जागा खाल्लेली नसते. डिस्क बनवणारा केबी, एमबी, जीबी, टीबी ही प्रत्येक पायरी आधीच्या १००० पट धरतो, म्हणजे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज तेवढ्याच बाइट्सना तीनदा १०२४ ने भागतं आणि उत्तरापुढे ‘जीबी’ लिहितं. खरं तर त्या आकड्यापुढे ‘गिबिबाइट’ असायला हवं. इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशनने १९९८ मध्येच १०२४ च्या पटींसाठी किबि, मेबि, गिबि, टेबि अशी वेगळी नावं ठरवून दिली. ती अजूनही सगळीकडे रुळलेली नाहीत, आणि गोंधळाचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

दोन्ही हिशेबांत फरक किती पडतो? किलोला २.४ टक्के, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा. पण प्रत्येक पायरीवर तो वाढत जातो: मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ १० टक्के. म्हणून छोट्या फाइलसाठी कुठलाही हिशेब धरला तरी चालून जातं. बॅकअपची डिस्क निवडताना मात्र चालत नाही.

१००० चा हिशेब तोंडी होतो. दशांशचिन्ह सरकवलं की झालं. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि डीव्हीडीवरचे आकडे याच हिशेबाचे असतात, इंटरनेटचा वेगही. मॅकनेही २००९ च्या स्नो लेपर्डपासून फाइल्स आणि डिस्कसाठी हाच धरला. त्यामुळे तिथे पाकिटावरचा आणि पडद्यावरचा आकडा जुळतो.

१०२४ चा हिशेब रॅमला शोभतो. मेमरीचा पत्ता बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत लिहिलेला असतो; असा एक अंक म्हणजे एक बिट. पत्त्यात एक बिट वाढला की जागा दुप्पट होतात आणि दहा बिटांत बरोबर १०२४ पत्ते बसतात. ८ जीबी रॅम म्हणजे १०२४ च्याच हिशेबाने ८, तिथे १००० लावू नका.

खरी अडचण होते दोन्ही हिशेब एकाच वाक्यात आले की. विंडोजमध्ये ४.५ जीबी दिसणारं फोल्डर ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावेल असं वाटतं. मावत नाही. ते ४.५ गिबिबाइट आहेत, म्हणजे सुमारे ४.८३ जीबी. जुन्या फ्लॉपीवरच्या १.४४ एमबीने तर कहरच केला होता. तो आकडा १४४० गुणिले १०२४ बाइट असा काढलेला, म्हणजे एकाच एककात दोन्ही हिशेब!

तेव्हा निवड करताना पाहायचं ते एवढंच, की हातातला आकडा कशाशी ताडून बघायचा आहे. डिस्क विकत घ्यायची असेल तर १००० धरा, आणि विंडोजमध्ये दिसणाऱ्या जीबीला आधी १.०७४ ने गुणा. रॅम किंवा व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) मेमरी ठरवायची असेल तर १०२४. स्वतः प्रोग्राम किंवा अहवाल लिहीत असाल तर १००० वापरा. १०२४ वापरणं भागच असेल तर ‘गिबिबाइट’ असं स्पष्ट लिहा, नावं कानाला कितीही विचित्र वाटली तरी. शंका आली तर थेट बाइट्सचा आकडा बघा. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तो पूर्ण दिलेला असतो.

डाउनलोडला किती वेळ लागेल हे काढताना मात्र १००० की १०२४ हा प्रश्न दुय्यम ठरतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून तिथे बिट आणि बाइट यांची गल्लत आठपटीने महागात पडते. १०० एमबीपीएसमधले एमबी हे मेगाबिट असतात. सेकंदाला मिळतात फार तर १२.५ मेगाबाइट. ५ जीबीची फाइल त्या वेगाने उतरायला ५० सेकंद नाही, ४०० सेकंद लागतात. ती ५ गिबिबाइटची निघाली, तर आणखी अर्धा मिनिट.